स्टिअरिंगचे चाक लहान केले तर?



जानेवारी २०२३ मध्ये आपल्या बडोद्यात, लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात, जुन्या मोटारगाड्यांचे मोठे प्रदर्शन भरले होते. असे प्रदर्शन पाहताना मुलांच्या एक गोष्ट हमखास लक्षात येते. गाडी लहानशी, दोनच माणसे बसतील एवढी, आणि तिचे स्टिअरिंगचे चाक मात्र जेवणाच्या मोठ्या ताटापेक्षाही मोठे! आजच्या गाडीचे चाक त्यामानाने किती आटोपशीर असते. मग जुन्या गाडीचे मालक ते मोठे चाक काढून लहान चाक का बसवत नाहीत? काही जण बसवतातही. त्याने नेमके काय होते, काय मिळते आणि काय गमवावे लागते, हे आम्ही या लेखात सांगणार आहोत. विषय मोटारीचा दिसला तरी त्यात सातवी-आठवीच्या विज्ञानाचा एक धडा दडलेला आहे, आणि शेवटी प्रश्न सुरक्षिततेचाही आहे.

उदाहरणासाठी एकच गाडी घेऊ

सगळ्या गाड्यांविषयी एकदम बोलण्यापेक्षा एक गाडी निवडलेली बरी. आम्ही एम.जी.बी. ही इंग्लिश स्पोर्ट्स गाडी निवडली आहे. हालोलला एम.जी. कंपनीचा कारखाना आहे. भारतात २०१९ पासून 'हेक्टर' वगैरे गाड्या तिथेच तयार होतात. त्या गाड्यांवरची अष्टकोनी खूण मूळची इंग्लंडमधली. ऑक्सफर्ड येथील 'मॉरिस गॅरेजेस' या दुकानाच्या आद्याक्षरांवरून १९२० च्या दशकात एम.जी. हे नाव पडले आणि पुढे जवळच्या ॲबिंग्डन गावी तिचा कारखाना झाला. आज नाव तेच असले तरी मालकी आणि कारखाने वेगळे आहेत. ॲबिंग्डनचा कारखाना १९८० मध्ये बंद झाला.

याच ॲबिंग्डनमध्ये १९६२ ते १९८० या काळात एम.जी.बी. तयार होत असे. एकूण पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. त्यामुळे आजही जगभर ती हौशी लोकांकडे आढळते आणि तिचे सुटे भाग मिळतात. सुरुवातीच्या एम.जी.बी.च्या स्टिअरिंग-चाकाचा व्यास १६.५ इंच, म्हणजे सुमारे ४२ सेंटीमीटर होता. आज हौशी मालक त्या जागी १५, १४ किंवा क्वचित १३ इंचांचे चाक बसवतात.

मोठे चाक कशासाठी होते?

एम.जी.बी.ला पॉवर स्टिअरिंग नव्हते. आजच्या गाडीत चाक फिरवायला विजेची मोटर किंवा तेलाच्या दाबाची यंत्रणा मदत करते. एम.जी.बी.त मदतीला फक्त चालकाचे दोन हात. चाक फिरवले की त्याखालचा दांडा फिरतो. दांड्याच्या टोकाला पिनियन नावाचे लहान दातेरी चाक असते. ते रॅक नावाच्या दातेरी पट्टीला डावीकडे किंवा उजवीकडे सरकवते आणि ती पट्टी पुढची दोन्ही चाके वळवते. एका बाजूच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला स्टिअरिंगच्या सुमारे २.९ फेऱ्या लागत.

गाडीचे वजन साधारण ९०० किलोच्या वर. ती उभी असताना पुढचे टायर जमिनीवर घासून वळवायला बरेच बळ लागते. ते कमी लागावे म्हणूनच चाक मोठे. 'साध्या यंत्रां'च्या धड्यात आपण 'चाक आणि आस' शिकतो, ते हेच. आजीचे जाते आठवा. खुंटा जात्याच्या कडेला का बसवतात? मध्याजवळ बसवला असता तर जाते फिरलेच नसते. दाराची कडी बिजागरीपासून लांब का असते? जाड मुठीच्या पेचकसाने घट्ट बसलेला स्क्रू लवकर का सुटतो? सगळ्यांचे कारण एकच. मध्यापासून जितके लांब बळ लावावे तितका त्याचा फिरवण्याचा परिणाम जास्त. या परिणामाला पुस्तकात 'बलाचे आघूर्ण' म्हणतात.

आघूर्ण = बल × मध्यापासूनचे अंतर

आता थोडे गणित

समजा, गाडी उभी असताना स्टिअरिंगचा दांडा फिरवायला १०.५ न्यूटन-मीटर एवढे आघूर्ण लागते. (हा आकडा केवळ हिशेब समजण्यासाठी घेतला आहे. प्रत्यक्षात तो टायर, हवा आणि रस्ता यांप्रमाणे बदलेल.)

१६.५ इंची चाकाची त्रिज्या सुमारे २१ सेंटीमीटर, म्हणजे ०.२१ मीटर. लागणारे बल = १०.५ ÷ ०.२१ = ५० न्यूटन. साधारण ५ किलोची पिशवी उचलण्याइतके.

१४ इंची चाकाची त्रिज्या सुमारे १७.८ सेंटीमीटर, म्हणजे ०.१७८ मीटर. लागणारे बल = १०.५ ÷ ०.१७८ = सुमारे ५९ न्यूटन. साधारण ६ किलोच्या पिशवीइतके.

म्हणजे अडीच इंच व्यास कमी केला की हातांना सुमारे १८ टक्के जास्त जोर लावावा लागतो. १३ इंची चाक बसवले तर हीच वाढ सुमारे २७ टक्के होते. टायरचे प्रमाण, रॅक, पिनियन सगळे तेच आहे. बदलले आहे ते फक्त हातापासून मध्यापर्यंतचे अंतर.

मग फायदा काहीच नाही का? आहे. मोठ्या चाकाच्या २.९ फेऱ्या करताना हात एकूण सुमारे ३.८ मीटर फिरतो. १४ इंची चाकावर तेवढ्याच फेऱ्यांना हात सुमारे ३.२ मीटर फिरतो. बल वाढले तसे अंतर कमी झाले. दोन्हींचा गुणाकार करून पाहा, उत्तर जवळजवळ सारखेच येईल. साध्या यंत्राकडून बल वाचवून घ्यायचे तर अंतराने फेड करावी लागते आणि अंतर वाचवायचे तर बलाने. फुकट काही मिळत नाही. वाण्याच्या तराजूसारखाच हा व्यवहार आहे.

लहान चाक लोक का बसवतात?

पहिले कारण जागेचे. एम.जी.बी.ची बैठक खाली आणि पाय लांब पसरून बसायची. उंच किंवा अंगाने भरलेल्या माणसाच्या मांड्या मोठ्या चाकाच्या खालच्या कडेला लागतात. गाडीत चढता-उतरतानाही अडचण होते. चाकाचा व्यास अडीच इंचांनी कमी केला की खालच्या बाजूला सव्वा इंच जागा मोकळी होते. ऐकायला कमी वाटते, पण ब्रेकवर पाय नेताना तेवढ्याने फरक पडतो. हे कारण आम्हाला सर्वांत पटण्यासारखे वाटते.

दुसरे कारण हाताला मिळणाऱ्या प्रतिसादाचे. गाडी वेगात असताना टायर फिरत असतात, घासत नसतात, म्हणून स्टिअरिंग आपोआप हलके होते. तेव्हा लहान चाकाचे ओझे जाणवत नाही. हात एक सेंटीमीटर हलवला की १६.५ इंची चाक सुमारे २.७ अंश फिरते, तर १४ इंची चाक सुमारे ३.२ अंश. तेवढ्याच हालचालीत गाडी जास्त वळते. घाटातल्या वळणांवर चालकाला हे आवडते. पण याच गुणाची दुसरी बाजू अशी की, शिंक आली किंवा हाताला धक्का लागला तरी गाडी जास्त हलते. शिवाय खड्ड्यातून जाताना टायरला बसलेला धक्का चाकाच्या कडेला जास्त जोराने जाणवतो, कारण तिथेही त्रिज्या कमी झालेली असते.

तिसरे कारण हौसेचे. शर्यतीच्या गाड्यांची चाके लहान असतात. इटलीतील मोमो कंपनीची सुरुवातच अशी झाली. शर्यतपटू जानपिएरो मोरेत्ती यांनी १९६० च्या दशकात आपल्या पसंतीचे चाक बनवून घेतले. १९६४ मध्ये जॉन सर्टीस यांनी फेरारी गाडी चालवून फॉर्म्युला वनचे विश्वविजेतेपद मिळवले. त्यांनीही मोमोचे चाक वापरले होते. त्यानंतर अशा चाकांची हौस सगळीकडे पसरली. हौस वाईट नाही, पण शर्यतीच्या गाडीला शाळेच्या फाटकासमोर मागेपुढे करत उभे राहावे लागत नाही, हे विसरू नये.

कारखान्याने काय केले?

इथे एम.जी.बी.चाच इतिहास आपल्याला शिकवतो. १९७४ मध्ये अमेरिकेतील नियमांमुळे तिला काळे, जड रबरी बंपर लावले गेले आणि गाडीची उंचीही वाढली. पुढे १९७७ च्या मॉडेलपासून कारखान्याने स्वतःच स्टिअरिंगचे चाक पूर्वीपेक्षा लहान केले. पण चाक लहान करून ते थांबले नाहीत. त्याचबरोबर त्यांनी रॅक आणि पिनियनचे प्रमाणही बदलले. टोकापासून टोकापर्यंतच्या फेऱ्या सुमारे ३ होत्या, त्या ३.५ झाल्या. फेऱ्या वाढल्या की प्रत्येक फेरीला लागणारे आघूर्ण कमी होते. त्यामुळे चाक लहान असूनही हातावरचा भार वाढला नाही.

पहिल्या काळातल्या गाडीत नुसते चाक बदलणारा मालक या व्यवहाराची एकच बाजू करतो. त्यात जर रुंद टायर बसवले असतील किंवा पुढच्या टायरमध्ये हवा कमी असेल, तर स्टिअरिंग आणखी जड होते. म्हणून चाक बदलण्याआधी टायरमधील हवा, सांध्यांतील ग्रीस आणि पुढच्या चाकांची जुळवणी तपासावी. पुष्कळदा 'स्टिअरिंग जड आहे' या तक्रारीचे उत्तर तिथेच सापडते.

चाक बदलतात कसे?

ही माहिती समजण्यासाठी आहे. विद्यार्थ्यांनी हे काम स्वतः करायचे नाही. पालकांनीही जाणकार मिस्त्रीच्या हातून किंवा त्याच्या देखरेखीखालीच करावे.

१. गाडी सपाट जागी, पुढची चाके अगदी सरळ ठेवून उभी करतात. बॅटरीची तार काढतात, नाहीतर हॉर्नच्या तारांवर काम करताना शॉर्टसर्किट होऊ शकते.

२. मधले हॉर्नचे बटण काढले की मोठा नट दिसतो. दांडा आणि चाक यांवर एकमेकांसमोर खूण करतात, म्हणजे जुने चाक पुन्हा बसवायची वेळ आली तर ते त्याच जागी बसेल.

३. नट सैल करतात, पण पूर्ण काढत नाहीत. दोन-तीन आटे अडकलेले ठेवतात. वर्षानुवर्षे घट्ट बसलेले चाक ओढताना एकदम सुटते आणि नट नसेल तर थेट तोंडावर आदळते. नट अडवायला असला की धोका नाही.

४. चाक दोन्ही हातांनी सारखे ओढून किंवा पुलर लावून काढतात. दांड्याच्या टोकावर हातोडा मारत नाहीत. आटे बिघडतात, हे एक. दुसरे त्याहून महत्त्वाचे. अमेरिकेसाठीच्या गाड्यांत १९६८ च्या मॉडेलपासून दांडा असा बनवला होता की अपघातात तो दबून आत जावा आणि चालकाच्या छातीवरचा आघात कमी व्हावा. हातोड्याच्या घावाने ही रचना बिघडू शकते आणि बाहेरून ते कळतही नाही.

५. नवे चाक थेट दांड्यावर बसत नाही. मध्ये 'बॉस' नावाचा जोडभाग लागतो. त्याच्या आतल्या खाचा दांड्यावरील खाचांशी तंतोतंत जुळल्या पाहिजेत. एम.जी.बी.च्या वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांना वेगवेगळे बॉस लागतात, म्हणून गाडीचे वर्ष नीट सांगूनच तो मागवावा.

६. चाक बॉसवर स्क्रूंनी बसते. स्क्रूंच्या वर्तुळाचे मापही कंपनीप्रमाणे वेगळे असते. मोमोचे ७० मिलिमीटर, नार्दीचे ७४ मिलिमीटर. दोन्हींत सहा-सहा स्क्रू असल्यामुळे नजरेला सारखेच वाटतात. चार मिलिमीटरच्या फरकासाठी भोके मोठी करणे किंवा नवी पाडणे हा जिवाशी खेळ आहे. योग्य बॉसच घ्यावा.

७. नट शेवटी टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यापर्यंत आवळतात. हाताच्या अंदाजावर सोडत नाहीत. पहिल्या काही दिवसांनी तो पुन्हा तपासतात.

८. मग परीक्षा. गाडी सरळ जाताना चाकाचे आरे सरळ आहेत का? दोन्ही टोकांपर्यंत फिरवताना हात किंवा तार कुठे अडकत नाही ना? वळण संपल्यावर इंडिकेटर आपोआप बंद होतो का? हॉर्न वाजतो का? आणि मुख्य म्हणजे, चाकाची वरची कड आता वेगमापकाच्या आड येत नाही ना? मोठ्या चाकातून घड्याळे मोकळी दिसत होती. लहान चाकात तीच झाकली जातात आणि मग वेग पाहण्यासाठी मान वाकवावी लागते.

कोणत्या गाडीला हात लावू नये?

ज्या गाडीच्या स्टिअरिंगमध्ये एअरबॅग आहे, तिचे चाक शोभेसाठी कधीही बदलू नये. भारतात १ जुलै २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. ती चाकाच्या मध्यभागीच असते. चाक बदलले की ती गेली. शिवाय ती काढताना चुकून फुटली तर काम करणाऱ्याला गंभीर इजा होते. आपल्यापैकी अनेक घरांत नवी गाडी आहे आणि बाजारात 'स्पोर्टी' चाके सहज मिळतात, म्हणून हे ठळकपणे सांगावेसे वाटते. जुन्या गाडीत हौसेचा प्रश्न असतो. नव्या गाडीत प्रश्न जिवाचा असतो.

कायद्याची बाजूही पाहावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल गाडीत करण्यावर बंधने आहेत. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे वेगळे नियम केले. अशी गाडी मूळ स्वरूपात असावी आणि तिच्या चासीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी त्यात अट आहे. प्रदर्शनातले परीक्षकही गाडी किती अस्सल आहे हे बघतात. म्हणून बदल करण्यापूर्वी आर.टी.ओ.मध्ये विचारावे आणि जुने चाक, जुना नट, जुने बटण कापडात गुंडाळून, नाव लिहून जपून ठेवावे. जो बदल उलटवता येतो, तोच जुन्या वस्तूला शोभतो. हे आम्ही मोटारीपुरते म्हणत नाही. घरातला जुना पितळी दिवा असो, आजोबांचे घड्याळ असो की जुन्या इमारतीची डागडुजी असो, मूळ भाग फेकून दिला की परतीची वाट बंद होते.

तर मग बदलावे की नाही?

आमचे मत असे. चालकाच्या मांड्या अडकत असतील, ब्रेकवर पाय नेताना अडथळा होत असेल, तर १५ किंवा १४ इंची चाक बसवणे शहाणपणाचे आहे. मोठ्या चाकाने होणारा धोका इथे जास्त आहे. पण तीच गाडी घरात वयस्कर माणूसही चालवत असेल, खांदे किंवा मनगटे दुखत असतील, गाडी मुख्यतः मांडवीसारख्या गर्दीच्या भागात न्यायची असेल, तर मूळचे मोठे चाकच बरे. १३ इंची चाक केवळ दिसण्यासाठी बसवू नये. आणि चाक घेण्यापूर्वी शक्य असेल तर तसे चाक असलेली दुसऱ्या कोणाची गाडी उभ्या जागी वळवून पाहावी. दुकानात चाक हातात धरून त्याचे वजन कळते, गाडी वळवायचे वजन कळत नाही.

करून पाहा

१. घरातले दार एकदा कडीजवळ एका बोटाने ढकला, मग बिजागरीपासून वीतभर अंतरावर त्याच बोटाने ढकला. फरक वहीत लिहा.

२. बारीक मुठीचा आणि जाड मुठीचा असे दोन पेचकस घेऊन मोठ्यांच्या समोर एकच स्क्रू सोडवून पाहा.

३. गणित : १६.५ इंची चाकाऐवजी १५ इंची चाक बसवले तर हाताला किती टक्के जास्त बल लावावे लागेल? (सूचना : दोन्ही व्यासांचे गुणोत्तर काढा. त्रिज्या काढायचीही गरज नाही. का नाही, तेही लिहा.)

कोणा पालकांच्या गॅरेजमध्ये जुने स्टिअरिंग-चाक किंवा निकामी रॅक आणि पिनियन पडून असेल, तर ते भंगारात देण्याऐवजी शाळेच्या प्रयोगशाळेला द्यावे. दातेरी पट्टी सरकताना एकदा डोळ्यांनी पाहिली की मुलांना 'चाक आणि आस' पाठ करावे लागणार नाही.

(गणिताचे उत्तर : १० टक्के.)